लाकूड सोडून कोळसा कशाला? खानदेशातल्या भट्टीचा, भात्याचा आणि शेगडीचा हिशेब

आधी एक हिशेब मांडू. वाळलेलं १०० किलो लाकूड मातीच्या भट्टीत घालून त्याचा कोळसा केला, तर हाती येतो जेमतेम १५ ते २० किलो. एक किलो वाळक्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल उष्णता असते आणि एक किलो चांगल्या कोळशात २९-३०. म्हणजे दीड हजार मेगाज्यूलचं लाकूड घातलं आणि पदरात पडली पाचशेच्या आसपास. बाकीचे दोन हिस्से धुरावाटे सातपुड्याच्या हवेत गेले. शिवाय लाकूडतोड, रचाई आणि कित्येक दिवस-रात्रींची राखण, ते वेगळंच. इतका आतबट्ट्याचा व्यवहार माणसं पिढ्यान्‌पिढ्या का करत आली?

कारण कोळसा हे आपल्याकडे घरच्या चुलीचं इंधन फारसं कधी नव्हतंच. तो बाजारासाठी आणि कारागिरासाठी केला जायचा. जिथे वजन वाहून न्यायचं आहे, जिथे धूर चालत नाही किंवा जिथे साध्या लाकडाची आच पुरत नाही, तिथेच कोळसा परवडायचा. बाकी ठिकाणी लाकूड, गोवऱ्या आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) होत्याच.

भट्टीत नेमकं काय होतं

कोळसा म्हणजे जळून उरलेलं लाकूड असं आपण सहज म्हणून जातो. जळून उरते ती राख. कोळसा हे पुरतं जळू न दिलेलं लाकूड आहे.

लाकूड तापायला लागलं की पहिल्यांदा त्यातलं पाणी उडतं. शंभर अंशांच्या पुढे बराच वेळ आच नुसती पाणी घालवण्यातच खर्च होते. पुढे २७०-२८० अंशांच्या सुमाराला लाकूड आतून मोडायला लागतं. त्यातून जळणारे वायू, डांबरासारखा चिकट द्रव, आंबट वासाची वाफ असं पुष्कळ काही बाहेर पडतं आणि या टप्प्यावर लाकूड स्वतःच थोडी उष्णताही सोडतं. चुलीत आपल्याला दिसते ती ज्वाला या वायूंची. लाकूड जळताना दिसतं, पण नाचत असतो तो त्यातून निघालेला वायू. हवा अडवली तर वायू निघून जातात आणि मागे कार्बनचा सांगाडा राहतो. आच ४००-५०० अंशांपर्यंत गेली असेल तर त्या सांगाड्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त कार्बन असतो. वायू आधीच गेलेले असल्यामुळे कोळशाला मोठी ज्वाला नाही आणि धूरही जवळपास नाही. तो नुसता लाल होऊन धगधगतो.

म्हणून भट्टी लावणाऱ्याचं सगळं कसब हवा अडवण्यात. लाकडाचे सारख्या लांबीचे तुकडे घुमटासारखे दाटून रचायचे, वर पाला-गवताचा थर द्यायचा, त्यावर ओली माती थापायची. वरच्या तोंडातून विस्तव टाकायचा आणि आग धरली की ते तोंड बंद करून बुडाशी हवेची लहान भोकं ठेवायची. नंतर दिवस-रात्र धुराकडे बघायचं. पांढरा दाट धूर म्हणजे अजून पाणी जातंय. पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे लाकूड मोडतंय. धूर विरळ आणि निळसर झाला की काम होत आलं. आता भोकं बुजवली नाहीत तर आतला कोळसाच जळायला लागेल. मातीला तडा गेला तर तो लगेच लिंपायचा, नाहीतर तिथून हवा शिरून सगळ्या कष्टांची राख. लिंपायला भट्टीवर चढलेल्या माणसाच्या पायाखालचा घुमट खचण्याची भीती असायची. भोकं बुजवल्यावरही भट्टी पुरती गार होईपर्यंत थांबावं लागतं, कारण गरम कोळशाला हवा लागली की तो क्षणात पेट घेतो.

लाकूड कोणतं यावरही पुष्कळ अवलंबून. जड लाकडाचा कोळसा जड आणि टिकाऊ, हलक्याचा भुसभुशीत. खानदेशात अंजन, धावडा आणि खैर होता. मैदानात काळ्या मातीच्या बांधांवर बाभूळ होती. अंजनाचं लाकूड तर देशातल्या सर्वांत जड लाकडांत मोडतं. सालई मात्र या कामाला गरीबच.

डोक्यावरचा भारा

आता वजनाचा मुद्दा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून शहादा-तळोद्याच्या बाजाराला उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर २५ किलो लाकूड असेल, तर तो पावणेचारशे मेगाज्यूल वाहतोय. तेवढ्याच वजनाचा कोळसा असेल, तर सव्वासातशे. वाट घाटाची, पाय तेवढेच, पण माल दुपटीचा. डोंगरात लाकडाला भाव नव्हता, भाव होता तो बाजारात. मधलं अंतर ज्याला पायी तोडायचंय त्याला दोन-तृतीयांश उष्णता हवेत गेली तरी सौदा फायद्याचाच. फायदा म्हणजे पुन्हा किती, तर मिठा-कापडापुरता. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांमधून लाकूड, गवत, डिंक, मोहाची फुलं जशी खाली उतरायची, त्याच ओझ्यांत कोळसाही असायचा.

मैदानातल्या खेड्याची गोष्ट निराळी. कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचल्या जायच्या. तुरीच्या तुराट्या होत्या, गोवऱ्या होत्या. सरपण दाराशीच असताना त्यातली उष्णता घालवून कोळसा करायचं कारणच काय? घरात कोळसा यायचा तो उपउत्पादन म्हणून. भाकरी झाल्या की चुलीतली धुमसती लाकडं बाहेर ओढायची, पाण्याचा शिपका मारायचा आणि विझलेले कोळसे डब्यात भरून ठेवायचे. इस्त्रीला आणि शेगडीला तेवढे पुरायचे.

आणि खानदेशी माणसाला भट्टीचं शास्त्र पटवून घ्यायचं असेल तर भरीत आहेच. भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या जाळावर भाजली की जो वास येतो, तो लाकूड मोडताना निघणाऱ्या धुरातल्या संयुगांचा. कोळशाने ती संयुगं भट्टीतच गमावलेली असतात. त्यामुळे कोळशावर वांगं छान शिजतं, सालही जळते, पण ते भरीत जळगावच्या माणसाला पानात वाढून बघा, चेहऱ्यावरूनच कळेल.

लोहाराचं दुकान

खेड्यात कोळसा खऱ्या अर्थाने लागायचा लोहाराला. जिथे वस्तीचा लोहार नव्हता तिथे घिसाडी गाढवांवर किंवा गाडीवर बिऱ्हाड घेऊन यायचे, गावाबाहेर जमिनीत खळगा करून भट्टी मांडायचे. बलुत्याच्या गावात लोखंड आणि कोळसा पुष्कळदा शेतकऱ्यानेच न्यायचा आणि भाताही बहुधा त्यानेच किंवा त्याच्या पोराने ओढायचा.

लोखंड ठोकून वळवायला ते निदान लाल, म्हणजे ७००-८०० अंश तापावं लागतं. दोन तुकडे ठोकून एकजीव करायचे असतील तर १२०० अंशांच्या वर, जवळजवळ पांढरं. चुलीतल्या लाकडाची बरीच आच ओलावा उडवण्यात आणि वर पळणाऱ्या ज्वाळेत जाते. कोळशाची आच मात्र एका जागी, खळग्यात कोंडलेली. नुसत्या हवेवर ठेवला तर कोळसाही फार पुढे जात नाही, पण भाता चालू झाला की दर ओढीला ताजा ऑक्सिजन थेट निखाऱ्यात घुसतो, जळण्याचा वेग वाढतो आणि खळगा १२०० अंशांच्या पुढे जातो. भाता थांबला की निखारा लगेच मवाळ. आच हवी तेव्हा वाढवायची, नको तेव्हा उतरवायची, ही सोय लाकडात नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याला न दिसणारी. दाट निखाऱ्यात हवा कमी पडते तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो ऑक्सिजन ओढून घ्यायला टपलेलाच असतो. त्यामुळे निखाऱ्यात खुपसलेल्या लोखंडावर खवले, म्हणजे हवेने जळलेल्या लोखंडाचे पापुद्रे, कमी धरतात. जुन्या काळी दगडातून लोखंड काढलं जायचं तेही याच वायूच्या जोरावर: लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनला बांधलेलं असतं, कार्बन मोनॉक्साइड तो ऑक्सिजन पळवतो आणि लोखंड मोकळं होतं. म्हणजे तिथे कोळसा आच देतो आणि खनिजही फोडतो. लाकडी कोळशात गंधक जवळपास नसतं, हाही फायदा. दगडी कोळशातलं गंधक लोखंडात उतरलं तर तापलेलं लोखंड घणाखाली तडकतं.

विळ्याला पाणी देतात तेव्हा काय होतं? कार्बन असलेलं पोलाद लाल तापवून एकदम पाण्यात बुडवलं की आतल्या कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो रचनेत अडकून बसतो आणि धार कडक होते. ज्यात कार्बन नाही अशा मऊ लोखंडाला कितीही पाणी द्या, विळा तसाच. मऊ लोखंड कोळशाच्या भुकटीत बंद करून तासन्‌तास लाल ठेवलं, तर कोळशातला कार्बन हळूहळू त्याच्या कातडीत मुरतो आणि वरचा थर पोलादासारखा होतो.

प्रत्येक कामाला मात्र कोळसा लागत नव्हता, आणि कारागिरांना ते नेमकं ठाऊक होतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची तर ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवायच्या. इथे लोखंड वितळवायचं नाही, नुसतं फुगवायचंय. साधारण चार मीटर परिघाची धाव ५०० अंशांनी तापली तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढते. तेवढ्यात ती चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. आक्रसताना ती सगळं चाक आवळून धरते. एवढ्याला कोळसा जाळणारा लोहार वेडाच म्हणायचा.

सोनार आणि कल्हईवाला

सोनं वितळतं १०६४ अंशांना, चांदी ९६२ ला. जळगावचा सराफ बाजार आज कितीही झगमगला, तरी जुन्या सोनाराचं सगळं कारखानदारीचं सामान हाताच्या अंतरावर मावायचं: कोळशाची बागेसरी (सोनाराची लहान शेगडी), धातू वितळवायची मातीची मूस, फुंकणी, चिमटा, डाग देताना लागणारा टाकणखार. तोळाभर सोन्याला मोठी भट्टी नको, पण लहान जागेत भरपूर आच हवी. मुठभर कोळशावर फुंकणीने नेमका झोत मारला की ती मिळते. डाग द्यायचा, म्हणजे सांधा जोडायचा, तेव्हा दागिना सपाट कोळशाच्या तुकड्यावरच ठेवायचा. कोळसा उष्णता शोषून पळवत नाही आणि त्याच्या सान्निध्यात धातू काळवंडत नाही.

बागेसरीतली राखसुद्धा टाकायची नसते. तिच्यात सोन्याचे कण असतात. झारेकरी ती राख आणि दुकानातली झाडलोट विकत घ्यायचे, धुवून-गाळून त्यातून सोनं काढायचे. सोनाराच्या दुकानात कोळसा जळून गेल्यावरही विकला जायचा, असा तो एकच धंदा असावा.

कल्हईचं गणित वेगळं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कथील वितळतं २३२ अंशांना, म्हणजे आच फार नको. पण ती भांड्याला सगळीकडून सारखी हवी आणि काजळीची बिलकूल नको, कारण काजळीवर कथील धरत नाही. म्हणून इथेही कोळसाच. गल्लीत खळगा खणून, हाताने फिरवायचा पंखा लावून कल्हईवाला भांडं तापवायचा आणि नवसागर भुरभुरायचा. तो पांढरा उग्र धूर लहानपणी नाकात गेलेला असेल तर विसरणं अवघड. नवसागर तापला की त्यातून आम्ल सुटतं आणि धातूवरचा गंज खाऊन टाकतं. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायची. कापसाला खानदेशात तोटा नव्हता.

इस्त्री, शेगडी आणि बंद खोली

परटाच्या इस्त्रीबद्दल फार सांगायला नको. पोटात निखारे, बाजूला भोकं, हेलकावे दिले की हवा लागून आच वाढते. धूर नसल्यामुळेच ती पांढऱ्या सदऱ्यावर फिरू शकते. भुसावळच्या रेल्वे वस्तीतल्या शेगडीचा कोळसा मात्र बहुधा दगडी, खाणीतला. तो पेटताना इतका धुरतो की शेगडी आधी बाहेर ठेवायची आणि धूर सरला की आत आणायची. लाकडी आणि दगडी कोळशात लोक आजही गल्लत करतात. एक माणूस काही दिवसांत करतो, दुसरा जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षांत होतो.

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी हा जास्त गंभीर विषय. शेक द्यायला, ओवा-बाळंतशेपा-वावडिंगाची धुरी द्यायला निखारे खोलीत ठेवायचे आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावायच्या. लोहाराच्या कामाला येणारा तो कार्बन मोनॉक्साइड इथे जिवावर उठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. जुन्या घरांना कौलांच्या फटी होत्या, त्यातून हवा खेळायची. स्लॅबच्या खोलीत ती सोय नाही. धुळ्यात काही वर्षी पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा निखाऱ्याचं घमेलं आत घेऊन झोपायचा मोह होतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत काढून टाका. शेगडी बाहेर ठेवा, किंवा झोपण्याआधी पूर्ण विझवा.

न पेटवलेला कोळसा

कोळसा न जाळताही कामाला यायचा. दात घासायला कोळशाची पूड होती. ती दात चमकवते कारण ती घासते, आणि रोज घासली तर दातावरचं कवचही झिजवते. पाणी गाळायला मडक्यांच्या उतरंडीत वाळू-खड्यांबरोबर कोळसा घालत. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना रंग आणि वास चिकटून राहतात. जंतू मात्र त्याने भरवशाने जात नाहीत, पाणी उकळावंच लागतं. विषबाधेत डॉक्टर देतात तो कोळसा खास प्रक्रिया केलेला असतो, एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग. शेगडीतला चघळून ते काम होत नाही.

दारूला, म्हणजे उडवायच्या दारूला, हलका कोळसा हवा: तुराट्यांचा, रुईचा. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. सोरा ऑक्सिजन पुरवतो, कोळसा जळतो, गंधक पेट लवकर घेतं. लोहाराला अंजन प्यारा आणि भुईनळेवाल्याला रुई, ते याचसाठी.

दिवेलागणीला कुणाच्या घरी दूध किंवा गोडधोड पाठवायचं तर वर कोळशाचा तुकडा ठेवायचा रिवाज आपल्याकडे होता, काही घरांत अजून आहे. त्यामागे शास्त्र शोधत बसू नये. दृष्ट लागू नये एवढाच भाव त्यात आहे.

कोळसा कुजत नाही, कारण जंतूंना त्यात खायला काही उरलेलं नसतं. लाकडी खांब पुरताना त्याचं बुड जाळून काळं करतात ते म्हणूनच. याच गुणामुळे कोळसा पुरातत्त्ववाल्यांचा लाडका. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे गावी १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर आणि त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचे थर सापडले. अशा थरांचं वय काढायला जळक्या लाकडाचे तुकडे फार उपयोगी पडतात. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचाच एक किरणोत्सारी प्रकार, घेत असतं. मेल्यावर घेणं थांबतं आणि आतला दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरलाय ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं. विलर्ड लिबी यांना याच पद्धतीसाठी १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कोळशावरची मोटार आणि कायद्यातला कोळसा

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं आणि देशभर सर्व्हिस मोटारींच्या, म्हणजे प्रवासी बसगाड्यांच्या, मागे उभी टाकी बसली. टाकीत कोळसा कोंडून जाळायचा, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड इंजिनात सोडायचा. निघण्याआधी हाताने पंखा फिरवून निखारा फुलवावा लागे, आणि निघाल्यावरही ताकद पेट्रोलपेक्षा कमीच. चढावर उतारूंना उतरून ढकलावं लागे, हे जुन्या माणसांच्या तोंडून अनेकांनी ऐकलं असेल. ज्या वायूने बंद खोलीत माणसं मरतात त्यावर मोटारी चालल्या. विस्तव तोच, हवा किती मिळते त्यावर सगळं ठरतं.

जंगलाचा हिशेब यात राहून जाऊ नये. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६० च्या दशकात रूळ भुसावळला पोचले, लाकडाची मागणी वाढली आणि पाठोपाठ वनकायदे आले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कोळशाचं नाव वनोपजाच्या अगदी पहिल्या यादीत आहे, इमारती लाकडाच्या शेजारी. ती यादी अशी आहे की माल जंगलातून आलेला असो वा नसो, तो वनोपजच. राखीव जंगलात कोळसा पाडणं हा त्याच कायद्याने गुन्हा. धूर लपत नाही, त्यामुळे भट्टीवाला सापडायला सोपा. कोळसा विकत घेणाऱ्या गावाला यातलं काही सोसावं लागलं नाही, हे मला कायम खटकत आलंय.

पुढे रॉकेलचे स्टोव्ह आले, विजेची इस्त्री आली, घरोघरी सिलिंडर आला. कोळसा आता मुख्यतः ढाब्याच्या तंदूरला आणि मक्याच्या कणसांच्या गाड्यांवर दिसतो, आणि तो बराचसा वेड्या बाभळीचा असतो. पऱ्हाट्या मात्र अजून पडून आहेत. जळगाव हा कपाशीचा मोठा जिल्हा; चुली कमी झाल्या तसं हे सरपण बांधावरच पेटवून देतात. त्यांचा कोळसा होतो, पण भुसभुशीत. पोत्यात भरला की अर्धा चुरा. तो चुरा शेण किंवा पिठाच्या खळीत मळून, दाबून त्याच्या विटा पाडता येतात. अडचण तीच जुनी आहे. पऱ्हाट्यांचा ढीग ट्रॉलीभर दिसतो आणि वजन भरत नाही, म्हणून ते लांब वाहून नेणं परवडत नाही. भट्टीच शेतापर्यंत न्यावी लागते.